विश्लेषण : वकिलीच्या नोकरीच्या अर्जात परकीय भाषा कशी मांडावी?

‘ज्ञात भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन (बेसिक).’ कायद्याची पदवी घेऊन पुण्या-मुंबईच्या लॉ फर्मकडे किंवा कंपनीच्या विधी विभागाकडे अर्ज पाठवणाऱ्या अनेक तरुणांच्या बायोडेटात अगदी तळाशी अशी एक ओळ असते. जन्मतारीख, छंद आणि पत्त्याच्या शेजारी. ही ओळ वाचून नोकरी देणाऱ्याला काहीच कळत नाही. उमेदवाराला जर्मन करार वाचता येतो, की फक्त ‘गुटेन मॉर्गेन’ म्हणता येते? दोन वर्षे घालवून शिकलेली भाषा अशी वाया जाते. उलट दोन महिन्यांचा वर्ग करून ‘फ्लुएंट’ लिहिणारा मुलाखतीत पहिल्याच वाक्याला उघडा पडतो. वकिलीच्या व्यवसायात शब्दाला किंमत असते. म्हणून भाषेचा दावा कसा करायचा, हा प्रश्न इथे इतर कोणत्याही नोकरीपेक्षा जास्त गंभीर आहे.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न आताच का?

पारनेर तालुक्यातील सुपा औद्योगिक वसाहत हे त्याचे पहिले कारण. भारत आणि जपान सरकारांनी मिळून देशभरात ज्या जपानी औद्योगिक वसाहती ठरवल्या, त्यांत महाराष्ट्रातून सुप्याचे नाव आहे. पुणे-नगर महामार्गावर पुढे रांजणगाव आणि पलीकडे चाकण. तिथेही कोरियन, जर्मन, जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत. कारखाना म्हटला की जमिनीचा भाडेपट्टा, पुरवठ्याचे करार, कामगार कायद्याची कागदपत्रे, पर्यावरणाच्या परवानग्या आणि तंत्रज्ञान हस्तांतराचे करार आलेच. हे कागद वाचणारी, तपासणारी, परदेशातल्या मुख्य कार्यालयाला समजावून सांगणारी माणसे लागतात.

दुसरे कारण नियमांतील बदल. परदेशी लॉ फर्मना भारतात वकिली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात स्पष्ट केले होते. तात्पुरत्या भेटीवर येऊन सल्ला देणे आणि आंतरराष्ट्रीय लवाद एवढीच वाट मोकळी ठेवली होती. त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने मार्च २०२३ मध्ये नियम अधिसूचित करून आणि मे २०२५ मध्ये त्यांत सुधारणा करून परदेशी वकिलांना दार किलकिले केले. न्यायालयात उभे राहण्याची परवानगी नाही, पण आपापल्या देशाचा कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि लवाद या विषयांत काम करण्याची मुभा आहे. भारतीय कायदा सांगायला त्यांना भारतीय वकीलच लागणार. त्यांची भाषा समजणारा वकील त्यांना अधिक सोयीचा.

कोणत्या नोकऱ्यांत परकीय भाषा खरोखर मोजली जाते?

हे आधी ओळखले नाही तर मेहनत भलतीकडे जाते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या परीक्षेत जर्मन किंवा जपानीला जादा गुण नाहीत. तिथे अट आहे ती मराठी उत्तम बोलता, वाचता, लिहिता येण्याची आणि मराठी-इंग्रजी अनुवाद दोन्ही बाजूंनी करता येण्याची. जिल्हा न्यायालयात दिवाणी, फौजदारी किंवा मोटार अपघाताची कामे चालवायची असतील तरीही परकीय भाषेचा रोजचा उपयोग जवळपास नाही.

ती मोजली जाते ती चार-पाच ठिकाणी. मोठ्या लॉ फर्ममधील ‘जपान डेस्क’ किंवा ‘जर्मनी डेस्क’, परदेशी कंपनीचा विधी व अनुपालन विभाग, परदेशी खटल्यांची कागदपत्रे तपासून देणाऱ्या आउटसोर्सिंग कंपन्या, पेटंटचा शोध व अनुवाद, आणि आंतरराष्ट्रीय लवाद. ज्या अर्जात यांपैकी काही नाही, तिथे भाषा तळाच्या ओळीत राहिली तरी बिघडत नाही. ज्या अर्जात आहे, तिथे ती पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात हवी. मोबाइलवर बायोडेटा उघडणारा अधिकारी दुसऱ्या पानापर्यंत जाईलच याची खात्री नाही.

‘बेसिक’ आणि ‘फ्लुएंट’ या शब्दांत अडचण काय?

अडचण अशी की प्रत्येकाचा ‘फ्लुएंट’ वेगळा. म्हणून युरोपच्या परिषदेने भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे ओळख करून देणे, साधे प्रश्न विचारणे. बी१ म्हणजे प्रवासात, ओळखीच्या विषयांत स्वतःचे निभावणे. बी२ पासून ऑफिसचे काम त्या भाषेत करण्याची सुरुवात होते. कायद्याचा मजकूर आत्मविश्वासाने हाताळायचा तर सी१ धरावे.

जपानीसाठी जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. ही परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे हे तिचे एक केंद्र आहे. फ्रेंचसाठी डेल्फ व डाल्फ, जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षा, स्पॅनिशसाठी डेले, चिनीसाठी एचएसके. बायोडेटात ‘जर्मन येते’ असे न लिहिता परीक्षेचे नाव, पायरी आणि महिना-वर्ष लिहिले की वाचणाऱ्याचा अंदाज संपतो.

मग प्रमाणपत्र जोडले की झाले?

नाही. प्रमाणपत्र काय मोजते आणि काय मोजत नाही, हे उमेदवाराला माहीत असायला हवे. जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे तपासतात. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही. म्हणजे एन३ असलेला उमेदवार बैठकीत गप्प बसू शकतो. डेल्फ आणि गोएथेच्या परीक्षांत वाचन, लेखन, ऐकणे, बोलणे अशी चारही कौशल्ये तपासली जातात. म्हणून पायरीच्या पुढे आपण त्या भाषेत नेमके काय करू शकतो, हे एका वाक्यात लिहावेच लागते.

दुसरी गोष्ट काळाची. या प्रमाणपत्रांवर मुदत संपल्याची तारीख नसते, पण जीभ गंजते. पाच वर्षांपूर्वी बी१ झालेल्याने त्यानंतर एकही पान वाचले नसेल, तर तो आज बी१ नाही. वर्ष लिहिले की हा प्रश्न मुलाखतीत येणारच. उत्तर तयार हवे.

कायद्याची भाषा रोजच्या भाषेपेक्षा वेगळी कशी?

एक उदाहरण पुरे आहे. जर्मन व्यापारी कायद्यात ‘प्रोकुरा’ नावाची एक नोंदणीकृत अधिकारपद्धत आहे. ज्याला ती मिळते तो कंपनीच्या वतीने जवळपास सगळे व्यवहार करू शकतो. शब्दकोशात याचे भाषांतर ‘मुखत्यारपत्र’ असे सापडेल. पण जर्मन वाणिज्य संहितेच्या कलम ४९ नुसार जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्यात आपोआप येत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. एखाद्या जर्मन कंपनीच्या अशा अधिकाऱ्याने जमिनीच्या कागदावर सही केली, तर त्या सहीमागे खरोखर अधिकार आहे का, हे विचारायला कायदा आणि भाषा दोन्ही लागतात. नुसते जर्मन येणाऱ्याला प्रश्न सुचणार नाही. नुसता कायदा येणाऱ्याला कागद वाचता येणार नाही.

जपानीचेही तसेच. जपानच्या नागरी संहितेतील करारांविषयीची मोठी सुधारणा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्याआधीची पाठ्यपुस्तके वाचून शिकलेले काही शब्द कायद्यातून गेले आहेत. आणि बोलण्यातली गंमत वेगळीच. बैठकीत जपानी माणूस ‘केंतो शिमासु’ म्हणजे ‘विचार करतो’ म्हणाला, तर तो बहुतेकदा सभ्य नकार असतो. आपल्याकडच्या ‘बघू, सांगतो’सारखा. हे ज्याला कळते त्याने बैठकीचा अहवाल ‘तत्त्वतः मान्यता’ असा लिहिला नाही, एवढ्यानेही कंपनीचा महिना वाचतो.

बायोडेटात नेमके लिहायचे काय?

भाषेसाठी वेगळा मथळा करावा आणि प्रत्येक भाषेला चार गोष्टी द्याव्यात : पायरी, पुरावा, वापर आणि मर्यादा. नमुना असा :

‘जपानी : जेएलपीटी एन४, डिसेंबर २०२४. साधे ई-मेल आणि कार्यालयीन सूचना वाचतो, प्राथमिक संभाषण करतो. करार वाचताना अनुवादकाची मदत लागते. एन३ ची तयारी सुरू.’

‘जर्मन : गोएथे बी२, २०२३. पुरवठा कराराच्या जर्मन मसुद्याचा इंग्रजी सारांश तयार करतो. न्यायालयात दाखल करण्यासाठीचा प्रमाणित अनुवाद करत नाही.’

शेवटचे वाक्य अनेकांना नको वाटेल. स्वतःची उणीव स्वतःच कशी लिहायची? पण वकिलाकडे नोकरी देणारा हाच स्वभाव शोधत असतो. आपल्या माहितीची हद्द जाणणारा माणूस अशिलाला खोटा दिलासा देत नाही. शिवाय ही मर्यादा कायद्याच्या जाणिवेतून आलेली आहे. लवाद व समेट कायदा, १९९६ च्या कलम ४७ नुसार परदेशी निवाडा परकीय भाषेत असेल, तर त्याचा इंग्रजी अनुवाद त्या पक्षकाराच्या देशाच्या वकिलातीच्या अधिकाऱ्याने किंवा भारतीय कायद्याला पुरेशा ठरेल अशा अन्य रीतीने प्रमाणित केलेला लागतो. परदेशातून येणाऱ्या समन्सबाबतच्या हेग करारातही भारताने कागदपत्रे इंग्रजीत किंवा इंग्रजी अनुवादासह हवीत, अशी भूमिका घेतली आहे. कोणता अनुवाद कामापुरता आणि कोणता न्यायालयापुरता, हा फरक ज्याच्या बायोडेटात दिसतो त्याला पुढे बोलावले जाते.

आणखी दोन बारीक गोष्टी. जिल्ह्याचे नाव बदलले आहे. जुन्या गुणपत्रिकांवर आणि महाविद्यालयांच्या नावांत ‘अहमदनगर’ आहे, पत्त्यात ‘अहिल्यानगर’. परदेशातल्या वाचणाऱ्याला ही दोन शहरे वाटतील. पदवीचे नाव कागदावर जसे आहे तसेच लिहून पुढे एकदाच खुलासा करावा. आणि सनद घेतली असेल तर तिची सद्यस्थिती लिहावी. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. विधी विभागातील नोकरीसाठी अर्ज करताना हे ठाऊक आहे, एवढे दिसले तरी पुरते.

अर्जासोबतचे पत्र परकीय भाषेत लिहावे का?

मदतीशिवाय लिहिता येत असेल तरच. १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला परिचय स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहून दिला होता. ‘मला जर्मन येते’ हे सांगण्याची त्यानंतर गरज उरत नाही. अर्जच पुरावा होतो. पण दुसऱ्याकडून किंवा ॲपकडून लिहून घेतलेले पत्र हा उलट पुरावा ठरतो. मुलाखत घेणारा त्या पत्रातलेच एक वाक्य उचलून त्यावर प्रश्न विचारतो आणि समोर शांतता पसरते.

मुलाखतीसाठी दोन तयाऱ्या कराव्यात. एक, त्या भाषेत दोन मिनिटे स्वतःच्या कामाविषयी बोलता आले पाहिजे. दोन, कराराचा एक परिच्छेद हातात देऊन ‘यात आपली जबाबदारी कोणती?’ असे विचारले तर अडलेल्या शब्दापाशी थांबून ‘हा शब्द तपासावा लागेल’ म्हणता आले पाहिजे. अंदाजाने ठोकून देणारा उमेदवार तिथेच बाद होतो, आणि ते योग्यच आहे.

मोबाइलवर अनुवाद होत असताना भाषा शिकायची कशाला?

सर्वोच्च न्यायालयही २०१९ पासून निकालांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही संगणक प्रणाली वापरते. यंत्राचा अनुवाद दर वर्षी सुधारतो आहे, हे मान्यच करायला हवे. नुसत्या ओळीला ओळ अनुवाद करणाऱ्याचे काम त्यामुळे कमी होईल. पण यंत्राने ‘प्रोकुरा’ला ‘मुखत्यारपत्र’ म्हटले, तर चूक पकडणार कोण? आणि अशिलाचा गोपनीय करार फुकटच्या ॲपमध्ये टाकणे हा वकिलाच्या गोपनीयतेच्या कर्तव्याशी खेळ आहे. यापुढे बायोडेटात ‘यांत्रिक अनुवाद तपासून दुरुस्त करतो’ हे कौशल्य म्हणून लिहायला हरकत नाही, जर ते खरे असेल.

या सगळ्यात मराठीचे काय?

इथे आपले तरुण सर्वांत मोठी चूक करतात. ‘मराठी : मातृभाषा’ एवढे लिहून ते पुढे जातात. टोकियोतल्या किंवा स्टुटगार्टमधल्या कंपनीच्या दृष्टीने मराठी हीच परकीय भाषा आहे! सुप्यात जागा घेणाऱ्या कंपनीपुढे येणारा सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, ग्रामपंचायतीचा ठराव मराठीत, जुने खरेदीखत मराठीत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात गेले की राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजी. या दोन भाषांमधला पूल बांधणारा माणूस मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या वकिलापेक्षा श्रीगोंदे, शेवगाव किंवा अकोल्याच्या पदवीधरात सापडण्याची शक्यता जास्त. तो स्वतः मात्र हे कौशल्य मानायलाच तयार नसतो.

म्हणून लिहावे : ‘मराठी : सातबारा, फेरफार आणि खरेदीखते वाचून जमिनीच्या मालकी हक्काचा इंग्रजी अहवाल तयार करतो.’ मोडी येत असेल तर तेही लिहावे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किती मागणी आली, हे सगळ्यांनी पाहिले. छंद म्हणून शिकलेली लिपी तेव्हा पुराव्याची किल्ली ठरली.

शेजारच्या गोव्यातही हेच दिसते. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही लागू राहिली. तिचा अधिकृत इंग्रजी अनुवाद गोवा सरकारने प्रसिद्ध केला तो थेट २०१८ मध्ये. मधल्या अर्धशतकात वारसा आणि मालमत्तेच्या दाव्यांत ज्या वकिलांना पोर्तुगीज वाचता येत होते, ते मूळ कायदा वाचत होते. बाकीचे दुसऱ्याच्या सांगण्यावर चालत होते. ही संहिता गोव्याबाहेरील मालमत्तेलाही लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोमंतकीय कुटुंबाच्या प्रकरणात दिला. एका भाषेच्या ज्ञानाला कायद्यात किती दीर्घ आयुष्य असू शकते, याचे हे उदाहरण.

कोणती भाषा निवडावी आणि जिल्ह्याने काय करावे?

जपानीची वाक्यरचना मराठी माणसाला परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येते, प्रत्ययासारखे शब्द नामाच्या मागे लागतात. अडथळा लिपीचा. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेली कांजी अक्षरेच २,१३६ आहेत. जर्मनला लिपीचा त्रास नाही, पण व्याकरण घाम फोडते. दोन्हीत कामापुरते प्रावीण्य येण्यासाठी काही वर्षांचा नियमित अभ्यास लागतो. तीन भाषांत ए१ असण्यापेक्षा एका भाषेत बी२ असणे कधीही चांगले. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी सुरुवात केली तर पदवीच्या वेळी ते शक्य आहे. शेवटच्या वर्षी घाईने केलेला वर्ग बायोडेटाची फक्त एक ओळ वाढवतो.

पण सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, मॅक्स म्युलर भवन, अलियाँस फ्राँसेज आहेत. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या मुलीला तिथे राहून शिकायचे तर खोलीभाडेच परवडत नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात कायदा शिकवणारी महाविद्यालये आहेत आणि सुप्यासारखी वसाहतही आहे. या दोघांनी अजून एकमेकांशी नीट बोलायला हवे. महाविद्यालयांनी भाषेचे वर्ग ऑनलाइन का होईना सुरू करावेत, कायदेशीर अनुवादाचा एक तास अभ्यासात आणावा, आणि वसाहतीतील कंपन्यांनी आपल्या विधी विभागात जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना इंटर्नशिप द्यावी. जमीन इथली गेली आहे. त्या जमिनीच्या कागदांवरचे काम तरी इथल्या मुलामुलींकडे यावे, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर, या महिन्यात अर्ज करणाऱ्यांनी एवढे तरी करावे. बायोडेटा उघडावा, ‘ज्ञात भाषा’ ही ओळ खोडावी आणि प्रत्येक भाषेपुढे आपण त्या भाषेत कोणता कागद वाचू शकतो, ते लिहावे. जिथे लिहिण्यासारखे काही सापडणार नाही, ती भाषा अजून शिकायची आहे. आणि मराठीपुढे लिहिण्यासारखे सर्वांत जास्त सापडेल.